शाळा सुटली, आता दिवसभर करायचं काय?

मुलाला शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलेल्या पालकांची एक तक्रार मी नेहमी ऐकते. मूल काहीच करत नाही, नुसतं लोळत पडतं आणि अभ्यासाचं नाव काढलं की भांडतं. जून-जुलैत, बाकीची पोरं दप्तरं घेऊन निघतात तेव्हा, ही काळजी जास्तच वाढते.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं एक कुटुंब असंच माझ्याकडे आलं. मुलगा सहावीत जाणारा. वर्गातल्या सततच्या चिडवण्याने रोज सकाळी त्याच्या पोटात दुखायचं. तक्रारी करूनही फरक पडेना, तेव्हा घरी शिकवायचं ठरलं. आईने मनापासून तयारी केली. हॉलमध्ये फळा लावला, तासांचं वेळापत्रक केलं, मधली सुट्टीसुद्धा ठेवली. महिनाभरात घरात रोज रडारड सुरू झाली. "तू आई हाईस, बाई न्हाईस," असं मुलाने तोंडावर सांगितलं. आजोबा वेगळेच संतापले होते. "शाहू महाराजांनी १९१७ साली शिक्षण सक्तीचं केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला दंड लावला. आन् तुमी पोरगं घरात बसवलंय!"

मी मुलासमोर कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, हवं ते लिही नाहीतर काढ. त्याने आधी पट्टी मागितली, समास आखला, वर तारीख घातली आणि थांबला. मग विचारलं, "किती ओळी लिहू?"

हा आळस नव्हे. वही कधी उघडायची, पाणी कधी प्यायचं, उत्तर बरोबर की चूक, हे सगळं इतकी वर्षं दुसऱ्याने ठरवलेलं. ते ठरवणारं माणूस एकदम गेलं की मूल भांबावतं. त्यात जे चिडवायचे ते सुटले, तसे आवडते मित्रही सुटले. शाळा नको होती म्हणून तिची आठवण येणार नाही, असं थोडंच आहे?

घरी शिकवणाऱ्या पालकांमध्ये एक ठोकताळा आहे: शाळेत गेलेल्या प्रत्येक वर्षामागे महिनाभर मोकळीक द्यावी. तो अंदाजच आहे, नियम नव्हे. पण शाळेची सवय सुटायला वेळ लागतो, हे त्यामागचं म्हणणं मला पटतं. मोकळीक म्हणजे मोबाइल हातात देऊन सोडणं मात्र नव्हे. झोपेची, जेवणाची वेळ आणि घरातलं एखादं नेमून दिलेलं काम, एवढं पक्कं हवं.

शाळेतलं काय हवंसं वाटतं, हे मी मुलालाच विचारलं. डबा खातानाच्या गप्पा, पीटीचा तास आणि सकाळची घंटा, असं उत्तर आलं. घंटा ऐकून आई चकित झाली. दिवस सुरू झाल्याची खूण त्याला हवी होती. मग आंघोळ-नाष्टा उरकून तिघांनी दहा मिनिटं बसायचं आणि आज काय करायचं ते मुलाने सांगायचं, असं ठरलं. फळा उतरला. संध्याकाळी पेठेतल्या पोरांबरोबर फुटबॉल सुरू झाला; कोल्हापुरात त्यासाठी वेगळी सोय लागत नाही. आईला मी आणखी एक सांगितलं: भरलेल्या वर्गात अख्खा तास खाणारा धडा एकट्या मुलाबरोबर बराच लवकर होतो. शाळेइतके तास भरायचा हट्ट सोडा.

आजोबांना मी मुद्दाम यात ओढलं. नातवाचं शिक्षण बुडेल ही त्यांची भीती खरी होती, आणि वेळही त्यांच्याकडेच होता. दिवाळीच्या सुमारास ते त्याला मार्केट यार्डात गुळाचे सौदे दाखवायला घेऊन गेले. क्विंटलचा भाव ऐकून एका रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, किती पडतील, हे त्याने उभ्या उभ्या काढलं आणि सवयीने विचारलं, "बरोबर हाय का?" आजोबा म्हणाले, "त्या अडत्याला इचार की." त्याने जाऊन विचारलं. अनोळखी माणसाशी स्वतःहून बोलायला हा मुलगा आधी धजला नसता, म्हणून मला हे गणितापेक्षाही मोठं वाटतं.

परीक्षेचं काय, हे प्रत्येक पालक विचारतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष परीक्षा देता येतात आणि वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीलाही बसता येतं. शाळेत परतायचं झालं, तर शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद आहे. दरवाजा बंद होत नाही, हे मुलालाही सांगा. कायमचं तुटलं या धास्तीनेही मुलं अडून बसतात.

या घरात आता सकाळी दोन तास अभ्यास होतो. मराठी वाचन सुरळीत आहे. इंग्रजी लिहायचा अजून कंटाळा आहे. येत्या जूनमध्ये शाळा की घर, हे पुन्हा ठरवायचं आहे आणि त्या बैठकीत मुलानेही आपलं मत मांडायचं आहे.