इंग्रजी ‘पंच’ आणि आपला ‘पंच’ एकच का?

ठोसा, भोक पाडायचं हत्यार, पार्टीतलं पेय आणि कुस्तीतला पंच, या सगळ्यांचं मूळ एकच का, असं तुम्ही विचारलंय. नाही. आणि कुस्तीतल्या पंचाला इंग्रजीच्या दावणीला बांधणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण हे आमच्याच घरात घडलंय.

मी 27 वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूमचं काम करतोय. आमचे आबा गावोगावच्या मैदानांत पंच म्हणून उभे राहायचे, खासबागेतही राहिलेत. एका रविवारी मेव्हणे जेवायला आले. तांबडा-पांढरा ओरपून झाला आणि खिडकीत पडलेला माझा सेंटर पंच, म्हणजे लोखंडावर खूण पाडायचं टोकदार हत्यार, उचलून ते म्हणाले, “दाजी, कुस्तीतला पंच म्हंजे हाच की! इंग्रजी शब्द. ठोसाठोशी सोडवतो तो पंच.” ते इंग्रजीचे मास्तर, त्यामुळं सगळ्यांनी माना डोलावल्या. आबांनी पंच हातात घेतला, टोकावरनं अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, “पाचामुखी परमेश्वर म्हणत्यात, ते काय इंग्रजांनी शिकवलं व्हय?” मेव्हणे हसले. ते हसणं मला अजून खुपतं.

अहो, कुस्तीत ठोसा मारायलाच बंदी! मग ठोशावरनं पंचाचं नाव पडेल कसं? तरी खात्री करायला मी करवीर नगर वाचन मंदिरात बसून कोश चाळले. आबांचंच बरोबर निघालं. आपला पंच संस्कृतातल्या पाचावरनं आलेला. गावातले पाच जण बसून निवाडा करायचे, पुढं निवाडा करणाऱ्या एकट्यालाही पंच म्हणायला लागले. पंचनामा, पंचायत, सगळं तिथलंच.

हत्यार मात्र खरोखर परकं. जुन्या फ्रेंचमधनं इंग्रजीत आलं, आणि त्याच्या मागं लॅटिनमधला टोचणे या अर्थाचा ‘पुंगेरे’. पंक्चर आणि पॉइंट हे त्याचेच भाऊबंद. आखलेल्या रेघेवर सेंटर पंच धरून हातोडीचा एक ठोका दिला की लोखंडावर खसखशीएवढा खळगा पडतो, त्यात ड्रिल बसतं, घसरत नाही. टोचणंच ते. बुक्कीचा पंचही याच घरातला. आधी अर्थ होता ढोसणं, टोचणं, मुठीनं मारणं नंतर आलं.

तुमच्या यादीत नसलेला तिसरा पंच म्हणजे इंग्रजांचा बाहुल्यांच्या खेळातला मोठ्या नाकाचा सोंगाड्या. तो इटलीतल्या पुल्चिनेल्लाचा अवतार, लंडनमध्ये 1662 साली त्याचा खेळ झाल्याची नोंद आहे. त्याच्याच नावानं 1841 मध्ये तिथं विनोदी साप्ताहिक निघालं, आणि त्याचं बघून लखनौत 1877 ला ‘अवध पंच’.

राहिलं पेय. तिथं गाडी उलटी धावते! दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला, असे पाच जिन्नस म्हणून ‘पंच’. हा शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनी आपल्याकडनं उचलला. इंग्रजीत त्याची नोंद 1632 पासूनची आहे, आणि सतराव्या शतकात इकडं फिरून गेलेल्या जॉन फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरानं पाचाचा हा अर्थ स्पष्ट लिहून ठेवलाय. म्हणजे ज्या पाचानं आबांना पंच केलं, तोच पाच साहेबाच्या पेल्यात गेला.

एक मात्र सांगायला पाहिजे. पेयाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. जुन्या वर्णनांत जिन्नस कधी कमी, कधी जास्त दिसतात, म्हणून काही जण दारूच्या पिंपाच्या ‘पंचन’ या इंग्रजी नावाकडं बोट दाखवतात. मला पाचाचंच पटतं. पण कुस्तीतल्या पंचाबद्दल वादाला जागाच नाही.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच, की शब्द सारखा ऐकू आला म्हणून नातं जोडू नका, आणि मास्तर बोलले म्हणून मान डोलावू नका. पाव्हणं, तुम्हीही हे वाचत असाल तर रविवारी या. आबा घरीच असतात. कोशातलं पान मी झेरॉक्स काढून ठेवलंय, त्यांच्यासमोर वाचू.