६६ वर्षांच्या वडिलांना वॉकिंग फुटबॉल झेपेल का?

वडील रोज गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फेऱ्या मारून कंटाळलेत, कॉलेजात फुटबॉल खेळायचे, आता गुडघे अधूनमधून दुखतात, तर चालत खेळायचा फुटबॉल त्यांना चालेल का, असं तुम्ही विचारलंय. जरूर खेळू द्या. फक्त न धावण्याचा नियम जिथे कडक पाळतात, तिथेच.

साठीनंतर मी स्वतः हा खेळ धरला. इंदिरानगरकडे एका टर्फवर आम्ही निवृत्त मंडळी सकाळी जमतो. खेळ मूळचा इंग्लंडचा. २०११ मध्ये चेस्टरफील्डला पन्नाशीपुढच्या लोकांसाठी सुरू झाला. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, चेंडू डोक्याच्या वर जाता कामा नये, धक्काबुक्की आणि घसरून टॅकल बंद. कोणी धावला की समोरच्यांना फ्री किक.

वाचायला सोपं वाटतं. पण चेंडू हातभर पुढे निसटतो, टाच उचलली जाते आणि जुना खेळाडू नकळत दोन पावलं धावतो. स्नायू ताणला जातो तो तेव्हाच. तुमचे वडील खेळलेले आहेत, म्हणून त्यांची मला नवख्यापेक्षा जास्त काळजी वाटते. आमच्यात एक जण खेळत नाही, नुसता पायांकडे बघतो आणि "धावलात!" म्हणून ओरडतो. असा माणूस नसेल तर खेळ सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फायदा मात्र खरा आहे. ट्रॅकवर आपण एका चालीत सरळ जातो. इथे थांबायचं, वळायचं, बाजूला सरकायचं, एका पायावर तोल सांभाळत पास द्यायचा. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतेच, शिवाय तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही सांगते. नुसत्या फेऱ्यांत हे दुसरं राहून जातं. आणि पास द्यायला माणसं लागतात, त्यामुळे एखादा आला नाही तर त्याला घरी फोन जातो. एकट्याने चालणाऱ्याची अशी चौकशी कोण करतं?

गुडघ्याला त्रास होतो तो पाय रोवलेला ठेवून अंग वळवल्याने. म्हणून स्टडचे बूट नकोत, सपाट तळाचे घ्या. वळताना छोटी छोटी पावलं टाकायची. फुटसालचा (छोट्या मैदानावर पाच-पाच जणांनी खेळायच्या फुटबॉलचा) चेंडू आणा, तो कमी उसळतो. थंडीत दवाने गवत निसरडं होतं, तेव्हा ऊन पडल्यावरच उतरा.

बीपी, मधुमेह, स्टेंट किंवा रक्त पातळ करणारी गोळी, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दडपण आलं किंवा चक्कर आली तर खेळ तिथेच थांबवायचा. सुरुवातीला दहा मिनिटं अंग मोकळं करून अर्धा तास पुरे. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर त्या आठवड्यात फक्त ट्रॅक.