जज्जसाहेबांची बदली कुणाच्या हातात?

प्रश्न : आमच्या भावकीतल्या बांधाचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात चालू आहे. समोरच्या पार्टीचे मेहुणे एका पुढाऱ्याच्या उठबशीतले. ‘निकाल उलटा जातोय असं दिसलं तर जज्जचीच बदली करून आणतो,’ असं ते चावडीवर बोलतात. वडील घाबरलेत, बांध सोडून देऊ म्हणतात. खरंच अशी बदली होते का? आणि पगार सरकारच देतं, तर न्यायाधीश सरकारातल्या माणसाचं ऐकणार नाहीत कशावरून?
— एक वाचक, आटपाडी (जि. सांगली)

उत्तर : वडिलांना आधी एवढं सांगा, की ही बदली त्या मेहुण्यांच्या हातात नाही, त्यांच्या पुढाऱ्याच्या हातात नाही आणि मुख्यमंत्र्यांच्याही हातात नाही.

असल्या धमकीवर गावाचा विश्वास का बसतो, ते मला कळतं. तलाठी, फौजदार, तहसीलदार यांच्या बदल्या कुणाच्या शब्दावर होतात, याच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात. त्यात तहसीलदार आणि प्रांतही ‘कोर्ट’ चालवतात. शेतरस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अर्ज तहसीलदारांकडेच जातो, आणि महसुली प्रकरण वर चढत चढत थेट मंत्र्यांच्या सुनावणीपर्यंत पोचू शकतं. सामान्य माणसाला दोन्ही कोर्टं सारखीच वाटतात. पण तहसीलदार शासनाचे अधिकारी आहेत. तुमचा दावा ज्यांच्यापुढे आहे ते कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश शासनाच्या उतरंडीत बसतच नाहीत.

त्यांची निवड लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते आणि नेमणूक राज्यपालांच्या नावाने निघते, हे खरं. पण एकदा खुर्चीवर बसल्यावर बदली, बढती, रजा, गोपनीय अहवाल, सगळं मुंबई उच्च न्यायालयाकडे. राज्यघटनेच्या २३५ व्या कलमाने तालुका आणि जिल्हा न्यायालयांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाला दिलं आहे. साधारण तीन वर्षं झाली की न्यायाधीश बदलतात, उन्हाळी सुट्टीच्या सुमारास याद्या लागतात. तुमच्या दाव्यात तशी बदली झालीच, तर मेहुणे ‘बघा, मी केली’ म्हणतील. घाबरू नका. झालेला पुरावा रेकॉर्डवर राहतो आणि नवे न्यायाधीश तिथूनच पुढे काम चालवतात.

बदलीची भीती काल्पनिक नाही, हेही सांगायला हवं. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची बदली २२२ व्या कलमाखाली राष्ट्रपती करतात, म्हणजे त्या काळी व्यवहारात केंद्र सरकार. आणीबाणीत, १९७६ साली, सोळा न्यायमूर्तींना त्यांच्या संमतीशिवाय दुसऱ्या राज्यांत पाठवलं गेलं. गुजरातचे न्यायमूर्ती संकलचंद शेठ आंध्रात रुजू झाले, पण त्या बदलीलाच त्यांनी न्यायालयात आव्हान दिलं. मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश यू. आर. लळित यांना त्याच काळात कायम केलं गेलं नाही. आणीबाणीत स्थानबद्धांनाही न्यायालयाचं दार उघडं असलं पाहिजे, असं एकट्याने लिहिणाऱ्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांना डावलून १९७७ मध्ये त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं. खन्नांनी राजीनामा दिला. हा इतिहास वाचताना मला आजही संताप येतो. न्यायाधीशाच्या अंगी धैर्य हवंच, पण निकाल देण्यासाठी त्याला घरदार पणाला लावावं लागू नये, अशी व्यवस्था असणं जास्त गरजेचं आहे.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालाने नेमणुका आणि बदल्यांमध्ये सरन्यायाधीश व ज्येष्ठ न्यायमूर्तींचा शब्द वरचढ ठरला. न्यायमूर्तींच्या या मंडळालाच कॉलेजियम म्हणतात. त्याऐवजी आयोग आणणारी घटनादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चार विरुद्ध एक अशी रद्द केली. मला कॉलेजियमचं बंद दार आवडत नाही. एखाद्याचं नाव का घेतलं आणि दुसऱ्याचं का गाळलं, हे लोकांना कळायला हवं. तरीही बदलीची लेखणी सरकारच्या हाती परत द्यावी, असं मी कधीच म्हणणार नाही.

आता पगार. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं वेतन राज्याच्या संचित निधीवर, म्हणजे मुख्य तिजोरीवर, ‘भारित’ असतं. विधानसभेत त्यावर चर्चा होईल, मतदान होत नाही. त्यामुळे एखाद्या निकालाचा राग धरून आमदारांना ते अडवता येत नाही. तालुक्याच्या न्यायाधीशांचा पगार मात्र राज्याच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून येतो, आणि ही बाजू कमकुवतच आहे. त्यांच्यासाठी शेट्टी आयोगासारखा वेगळा वेतन आयोग आला, तोही त्यांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यावर. न्यायालयाची इमारत, कारकून, बेलिफ यांच्या पैशासाठीही शासनाकडेच पाहावं लागतं. सरकार न्यायाधीशाला हात लावू शकत नाही, पण त्याच्या कोर्टाला कर्मचारी न देऊन तुमचा दावा रखडवू शकतं. ओरड करायची तर याबद्दल करा.

न्यायाधीश स्वतंत्र, म्हणजे त्यांना विचारणारं कुणी नाही असं नव्हे. तुमच्या दाव्याचं अपील जिल्हा न्यायालयात, आणि कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तर दुसरं अपील उच्च न्यायालयात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगली जिल्ह्याला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. न्यायाधीश पक्षपात करताहेत असं ठोस कारणासह दाखवता आलं, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली दावा दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करण्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात करता येतो. चावडीवरची बढाई हे ठोस कारण नव्हे.

एक मात्र कळकळीने सांगते. ‘त्यांचा पुढारी, तर आपलाही कुणीतरी’ म्हणून वशिला शोधायला निघू नका, आणि न्यायाधीशांच्या बंगल्यावर तर अजिबात जाऊ नका. स्वच्छ बाजू अशाने नासते.

बांधाच्या दाव्यात खरं वजन मोजणीला असतं. पुढच्या तारखेला तुमच्या वकिलांना विचारा, की भूमी अभिलेखकडून कोर्ट कमिशन मोजणी, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने होणारी मोजणी, करून घेण्याचा अर्ज दिला आहे का. दिला नसेल तर त्याच दिवशी द्यायला सांगा.