जुनी-नवी गाणी एकत्र लावताना

तुमची अडचण अशी, की दर शनिवारी तासाभराची गाणी निवडून घरच्यांना ऐकवता. नाट्यपद लागलं की मुलं उठतात, रॅप लागलं की आई-बाबा. मी नऊ वर्षं रविवारी रात्री शेजारीपाजारी जमवून हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही क्रम दशकांप्रमाणे लावलाय. घोळ तिथेच आहे. आपला वाटा कधी संपला ते प्रत्येकाला कळतं, मग तो बसेल कशाला? लागोपाठच्या दोन गाण्यांत काहीतरी सारखं हवं. पट्टी, ठेका, एखादं वाद्य, काहीही चालेल.

याचा मला सापडलेला सर्वांत सुंदर नमुना 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर आहे. जगभरच्या 27 रचना, साधारण दीड तास. शेवटून तिसऱ्या आपल्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या. भैरवीतलं ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटं. त्यांच्या आधी गूचिन हे सात तारांचं चिनी वाद्य, आणि नंतर अमेरिकन गायक ब्लाइंड विली जॉन्सनचं 1927 सालचं ब्लूज. तिन्ही सलग ऐका. चिनी वादक डाव्या हाताचं बोट तारेवरून घासत नेतो, केसरबाई तेच गळ्याने करतात, जॉन्सन गिटारच्या तारांवरून स्लाइड, म्हणजे एक गुळगुळीत कडक वस्तू, फिरवतो आणि शब्द सोडून नुसता गुणगुणतो. तिन्हीकडे मींडच आहे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं! सांधा कुठे आहे ते कानाला कळतही नाही.

आमच्याकडे मी हा क्रम जसाच्या तसा लावला होता. ख्याल म्हटलं की इअरफोन घालणारी शेजारची अकरावीतली मुलगी गिटार सुरू झाल्यावर म्हणाली, “काका, मघाच्या आजींनीपण असंच केलं ना?” त्या रात्री केसरबाई पुन्हा लावल्या, तिच्यासाठी.

जुनं शास्त्रीय ऐकवायचं तर सुरुवात अशा 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांनीच करा. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे बंदिश, आलाप, तान सगळं आटीव येतं. चाळीस मिनिटांची मैफल मागाहून.

आवाजाकडे मात्र नीट लक्ष द्या. जुनं ध्वनिमुद्रण बारीक आवाजात वाजतं, आजचं मुद्दाम दाबून मोठं केलेलं असतं. एकदम दणका बसला की वडीलधारी “बंद कर ते” म्हणतात आणि आपण समजतो, त्यांना नवं नको. प्लेअरमध्ये आवाज समान ठेवायची सोय असते, ती चालू करा. आणि जुन्या तबकडीची खरखर पूर्ण पुसू नका. तिच्याबरोबर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे त्याच्या तारांचा झणझणता गुंजारवही जातो.

नव्या गाण्यांची घाई नको. पुणे आकाशवाणीवर 1955-56 मध्ये गीतरामायण आठवड्याला एक गीत या गतीने आलं. शुक्रवारी नवं गीत, शनिवार-रविवारी तेच पुन्हा. 56 गीतं घराघरांत मुरली त्यात या पुनरावृत्तीचा मोठा वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं. तासाला बारा-तेरा गाणी बसतात. त्यात अगदी नवी तीनच ठेवा आणि त्यांतलं एक पुढच्या आठवड्यात वेगळ्या गाण्यांच्या मध्ये पुन्हा आणा.

शेवटचं गाणं ठरलेलं असावं. रेडिओ सिलोनवर सकाळी जुन्या गाण्यांचा अर्धा तास सैगलवर संपायचा आणि लोक त्यासाठी थांबायचे. तुमच्याकडे कोणासाठी थांबतील, ते आईंना विचारा.

येत्या शनिवारी एवढं करून बघा : मुलांच्या आवडत्या रॅपच्या आधी पोवाडा लावा. डफाचा ठोका, एका दमात फेकलेल्या ओळी, मागे झीलकऱ्यांचं ‘जी जी’. पोवाडा संपल्यावर मध्ये दोन सेकंदांचीही शांतता ठेवू नका, थेट रॅप सुरू करा. आणि त्या वेळी गाणं सोडून बाबांच्या पायाकडे बघा, ठेका धरलेला असतो की नाही ते कळवा.