वाचकांचे प्रश्न : पप्पांची नेमणूक केनियात, मुलीची दहावी मुंबईत

प्रश्न : माझे यजमान भायखळा परिसरातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) पाळक आहेत. मिशन संस्थेने त्यांना पश्चिम केनियातील किसुमू येथे तरुण पाळकांच्या प्रशिक्षणासाठी तीन वर्षांकरिता पाठवण्याचे ठरवले असून येत्या जानेवारीत रुजू व्हायचे आहे. मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. मुलगी या जूनमध्ये दहावीत जाईल आणि मुलगा तिसरीत. बातमी सांगितली तेव्हा मुलगी एवढेच म्हणाली, ‘‘देवाने बोलावले ते पप्पांना. मला कोणी विचारले?’’ त्या दिवसापासून ती उपासनेला येते, पण तरुण संघात बसत नाही. कुटुंबाने एकत्रच निघावे असे यजमानांना वाटते. मंडळीतील वडीलधारे म्हणतात, देव सांभाळून घेईल. मुलीला नणंदेकडे कल्याणला ठेवावे का, आणि तिची समजूत कशी घालावी? — एक आई

उत्तर : आपल्या मुलीने विचारलेला प्रश्न उद्धटपणाचा नाही, तो वस्तुस्थितीला धरून आहे. पाचारण आपल्या यजमानांना झाले आहे, आपण ते स्वीकारले आहे. मुलीला मात्र त्याचे परिणाम तेवढे मिळाले आहेत. म्हणून प्रथम समजूत घालण्याचा विचार सोडून द्यावा. ‘‘तुला विचारले नाही हे खरे आहे आणि तुला राग येणे स्वाभाविक आहे,’’ हे वाक्य तिच्या वडिलांनी, बायबलातील एकही वचन न जोडता, तिला म्हणावे. देवाच्या हाकेवर अब्राहामाने आपले ऊर हे गाव सोडल्याची बायबलातील गोष्ट तिला संडे स्कूलपासून पाठ आहे. ती या वेळी ऐकवली तर तिला आपल्या दुःखाविरुद्ध देवाची साक्ष काढल्यासारखे वाटेल.

आता दहावीविषयी. जानेवारीत निघणे म्हणजे बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर शाळा सोडणे, आणि हे कोणत्याही परिस्थितीत करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. यजमानांनी जानेवारीत पुढे जावे, घर पाहावे, परवान्याची कामे उरकावीत. आपण व मुलांनी परीक्षा आटोपल्यावर एप्रिलच्या अखेरीस निघावे. केनियातील शाळांचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि त्याची तीन सत्रे असतात. दुसरे सत्र साधारण एप्रिलअखेर किंवा मेच्या आरंभी उघडत असल्याने मुलालाही सत्राच्या मधोमध वर्गात शिरावे लागणार नाही. तीन-चार महिन्यांच्या विरहाने कुटुंब मोडत नाही. संस्थेकडे ही मागणी यजमानांनी स्वतः लेखी करावी. ‘पत्नीचा आग्रह आहे’ असे म्हणून ती आपल्यावर ढकलू नये.

दहावीनंतर मात्र मुलीला खरोखरीचा पर्याय द्यावा, आणि देण्यापूर्वी त्याची किंमत तिला आकड्यांसकट दाखवावी. तिला वैद्यकीय शाखेकडे जायचे असेल, तर राज्याच्या कोट्यासाठी साधारणतः दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे आणि अधिवासाचा दाखला असणे आवश्यक धरले जाते. म्हणजे अकरावी-बारावी केनियात केल्यास ती वाट अरुंद होते. तिकडे ब्रिटिश पद्धतीच्या शाळा आहेत, परंतु त्यांचे शुल्क पाळकाच्या मानधनात बसते का, हे संस्थेला आजच विचारावे. केनियातच किजाबे येथे 1906 पासून मिशनरी मुलांसाठी चालत आलेली निवासी शाळा आहे. तेथे प्रवेश मिळाला तरी मुलगी आपल्यापासून दूरच राहील, आणि तसेच असेल तर कल्याणची आत्या तिला अधिक जवळची वाटणे शक्य आहे. तिने कल्याण निवडले तर तो श्रद्धेचा अभाव समजू नये, आणि किसुमू निवडले तर ‘शेवटी देवाने तिचे मन वळवले’ असे मंडळीत सांगत सुटू नये.

मुलांना मागे ठेवणे ही मिशनची जुनी परंपराच आहे, असे आपल्याला कोणी सांगेल. ती परंपरा आपल्या भायखळ्याच्या आसपासच घडली आहे, म्हणून तिच्याकडे नीट पाहावे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरले. 1825 मध्ये त्यांची पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेला गेली, आणि पुढच्याच वर्षी हॉल दौऱ्यावर असताना पटकीने वारले. याच मिशनच्या कुटुंबात 1847 मध्ये मुंबईत जन्मलेले रॉबर्ट ॲलन ह्यूम लहानपणीच वडिलांना मुकले. त्यांचे वडील 1854 मध्ये मायदेशी जाताना समुद्रातच निवर्तले. ह्यूम 1874 मध्ये स्वतः मिशनरी होऊन परत आले आणि अहमदनगरला अनेक दशके राहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. जे परत आले नाहीत, ज्यांना आईवडिलांचा चेहरा पत्रांतूनच आठवावा लागला, त्यांच्याविषयी आपल्या वर्धापनदिनांच्या भाषणांत चकार शब्द नसतो. त्या काळी गलबताला महिने लागत. आज मुंबईहून नैरोबीचे विमान सहा तासांच्या आसपास पोहोचते. म्हणून त्या लोकांनी नाइलाजाने केले ते आपण पुण्य म्हणून करू नये.

आपल्या स्वतःविषयी पत्रात एकच वाक्य आहे, ते मला खटकले. केनियात धार्मिक व सेवाकार्यासाठी ‘आय’ वर्गाचा परवाना मिळतो. पत्नी व मुलांना त्यावर अवलंबित म्हणून पास मिळतो, पण त्या पासवर नोकरी करता येत नाही. वर्षानुवर्षे स्वतःचा पगार घेणाऱ्या शिक्षिकेला हे तीन वर्षे जड जाईल. राजीनामा देण्यापूर्वी असाधारण (बिनपगारी) रजेची चौकशी करावी आणि संस्थेकडून मिळणाऱ्या रकमेचा काही भाग आपल्या नावावर जमा व्हावा, असा आग्रह धरावा. मिशनरीची पत्नी म्हणजे विनावेतन दुसरी मिशनरी, ही समजूत आपल्या मंडळ्यांत अजून घट्ट आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. मुलाच्या पासपोर्टची मुदत पाहावी. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. केनियातून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचा दाखला लागतो, आणि तो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते, तेव्हा चौघांनी येथूनच, अधिकृत केंद्रावर, घेऊन निघावे. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे आणि तेथील हिवताप पावसाळ्यातल्या मुंबईपेक्षा गंभीर मानावा. प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे आणि मच्छरदाणी पहिल्या रात्रीपासून लावावी.

आता दोन गोष्टी, ज्या क्षुल्लक वाटतील. निरोप समारंभात व्यासपीठावरून कोणीतरी उत्साहाने मुलांना ‘आमचे छोटे मिशनरी’ म्हणेल. यजमानांनी वडीलमंडळाला आधीच सांगावे की मुलांना पुढे बोलावू नये, हार घालू नये, श्रद्धेची साक्ष द्यायला लावू नये. दुसरी गोष्ट प्रार्थनापत्राची. दर दोन-तीन महिन्यांनी मदतनीस मंडळ्यांना जे पत्र जाते त्यात ‘मुलगी अजून रुळलेली नाही, तिच्यासाठी प्रार्थना करा’ असे एक वाक्य हमखास येते, आणि मग भायखळ्यापासून सोलापूरपर्यंत अनोळखी माणसे तिच्या रुळण्याची चौकशी करू लागतात. मुलांविषयीची प्रत्येक ओळ त्यांना वाचून दाखवावी आणि त्यांनी नको म्हटले तर खोडावी. पाळकाच्या मुलांना खाजगी आयुष्य आधीच कमी मिळते. सामान बांधताना एक पेटी पूर्णपणे मुलीची असू द्यावी. तीत तिने शाळेच्या जुन्या वह्या भरल्या तरी वजनाचे कारण काढून त्या उपसू नयेत, आपल्या कढया कमी कराव्यात. रेल्वेच्या काळापासून भारतीय वस्ती असलेल्या त्या शहरात कढई मिळते.

प्रश्न : माझा मुलगा व सून सेवाकार्यासाठी सहकुटुंब नैरोबीला गेले आहेत. नऊ वर्षांचा नातू फोनवर ‘हो’, ‘बरा आहे’ एवढे बोलून फोन आईकडे देतो. तो मला विसरेल का? — एक आजी, परळ

उत्तर : आजी, तो विसरलेला नाही. ‘‘कसा आहेस? जेवलास का? कधी येणार?’’ या प्रश्नांना नऊ वर्षांचा मुलगा याहून अधिक उत्तर देऊच शकत नाही, आणि ‘कधी येणार’ याचे उत्तर तर त्याच्या हाती नाही. तो प्रश्न आपण वगळावा. फोन हा चौकशीसाठी न ठेवता काहीतरी एकत्र करण्यासाठी ठेवावा. एखादे मराठी गोष्टीचे पुस्तक कुणाच्या हाती तिकडे धाडावे, त्याचीच दुसरी प्रत आपल्याकडे ठेवावी आणि आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी एक पान आपण, एक पान त्याने वाचावे. नैरोबीचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे तेथील संध्याकाळचे सहा, तो खेळून घरी आलेला असेल. वाचताना तो अडखळला तर लगेच सुधारू नये. एखाद्या दिवशी त्याला वाचायचे नसेल आणि शेजारच्या मुलांकडून शिकलेले स्वाहिली गाणे म्हणून दाखवायचे असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून ते गाणे त्याच्याकडून शिकून घ्यावे.