अनुभवाशिवाय तबेल्यात काम

प्रश्न : मी परळचा, वय एकोणीस. घोड्यांची आवड आहे. पण महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जिथे विचारावे तिथे अनुभव मागतात. तो आणायचा कुठून?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्यावर शहरातली एक वाट बुजलीच. तूर्त स्वारीचा विचार बाजूला ठेवून, शर्यतीच्या घोड्यांच्या ट्रेनरांकडे मोतद्दाराच्या (घोड्याची निगा राखणाऱ्याच्या) हाताखालचे काम मागावे : पहाटे लीद काढणे, खरारा करणे (अंग घासून साफ करणे), लोखंडी आकडीने खुरातली घाण टाचेकडून पुढे काढणे. खूर उचलताना मागे नव्हे, बाजूला उभे राहणाऱ्याला (हे जाणकार लगेच हेरतात) पुन्हा बोलावले जाण्याची शक्यता अधिक. पावसाळ्यात शर्यती पुण्याला असतात, तेव्हा तिकडे जाण्याची तयारी सांगावी. मात्र पगार व राहण्याची सोय आधीच विचारून घ्यावी.