आई-बाबांना ह्यूस्टनच्या म्युझियम डिस्ट्रिक्टमधल्या मेडिटेरेनियन रेस्तराँमध्ये नेऊ का? शाकाहारी आहेत, आवडेल का त्यांना?

नक्की न्या. तुम्ही लिहिलंय की आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आलेत, दोघंही शाकाहारी, बाबा अंडंही खात नाहीत, आणि लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्यांना कुठेतरी छान, निवांत जागी जेवायला न्यायचंय. मी बरीच वर्षं ह्यूस्टनमध्ये आहे. आमच्या घरची ज्येष्ठ मंडळी येतात तेव्हा याच भागात असं जेवण ठरवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या आई-बाबांच्या पिढीला महागड्या हॉटेलात अवघडायला होतं ते काट्या-चमच्यांमुळे नाही. ‘यात काय घातलंय?’ हे परक्या भाषेत, सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा विचारावं लागतं, त्यामुळे होतं. मग ते ‘मला भूक नाही, तुम्ही घ्या’ म्हणून ब्रेड खात बसतात. म्हणून सगळे प्रश्न आपण आधी, फोनवर विचारून टाकायचे. टेबलावर बसल्यावर त्यांना फक्त जेवायचं काम उरलं पाहिजे.

आता रेस्तराँ कसं निवडायचं. इथे ‘मेडिटेरेनियन’ या पाटीखाली दोन वेगळ्या प्रकारची जेवणं मिळतात. एक इटली-स्पेन-दक्षिण फ्रान्सकडे झुकणारं, त्यात मासे, पास्ता आणि वाइनमधले सॉस जास्त. दुसरं लेबनॉन-तुर्कस्तान-ग्रीसकडे झुकणारं. तुम्ही डोळे झाकून दुसरं निवडा. ग्रीस आणि लेबनॉनमधल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांमध्ये वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस उपासाचे असतात आणि कडक उपासात मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही. त्यामुळे तिथल्या बायकांनी ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या आणि कडधान्यांचा एक अख्खा स्वयंपाक उभा केलाय. टोमॅटोत मुरलेल्या फरसबीच्या शेंगा, भट्टीत भाजलेले मोठे पांढरे वाल, कांदा-टोमॅटो भरलेली वांगी असे किती तरी पदार्थ. हे शाकाहारी माणसासाठी नाइलाजाने केलेलं जेवण नाही, त्यांच्या घरचंच आहे. आईला हे जरूर सांगा. उपासाचं खाणं म्हटलं की तिला त्या पदार्थांबद्दल लगेच आपुलकी वाटेल.

म्युझियम डिस्ट्रिक्टच्या आसपासची नावाजलेली ठिकाणं तुम्ही शोधली असतीलच. फाइन आर्ट्स म्युझियमच्या किंडर बिल्डिंगमध्ये ‘ले जार्दिनिए’ आहे. ते फ्रेंच, पण भाज्यांना मान देणारं. मॉन्ट्रोज या भागात ‘बीसीएन टेस्ट अँड ट्रॅडिशन’ हे स्पॅनिश आणि ‘मार्च’ हे भूमध्य सागराच्या एकेका प्रदेशावर मेन्यू बांधणारं. 2024 मध्ये मिशलिन या रेस्तराँना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेची टेक्साससाठीची पहिली यादी आली तेव्हा या तिघांनाही एकेक तारा मिळाला. तुम्ही दोघंच जाणार असता तर जरूर जा म्हटलं असतं. पण ‘मार्च’मध्ये मिळतं तसं ठरलेल्या क्रमाने एकामागून एक छोट्या ताटल्या येत राहणारं दोन-तीन तासांचं जेवण आई-बाबांसाठी नको. त्यांना मेन्यूतून निवडता येईल, मधे सगळ्यांनी वाटून घेता येईल आणि दिवसा उघडं असेल असं ठिकाण घ्या.

दिवसा, हे मी मुद्दाम म्हणतेय. संध्याकाळी अशा जागी दिवे इतके मंद असतात की बाबांना मेन्यू वाचता येणार नाही आणि संगीताच्या आवाजात आईला बोलणं ऐकू येणार नाही. शिवाय बाराला ताटावर बसायची सवय असलेल्या माणसांना रात्री साडेआठचं बुकिंग म्हणजे शिक्षाच. साडेअकरा-बाराचं टेबल मागा. खिडकीजवळचं, आणि एसीच्या झोताखालचं नको म्हणून सांगा. बाहेर कितीही उकडत असलं तरी आईची शाल बरोबर घ्या, इथल्या रेस्तराँमध्ये भर उन्हाळ्यात गारठायला होतं. शनिवार-रविवारी बऱ्याच ठिकाणी दुपारी फक्त ब्रंच असतो आणि तो अंड्यांनी भरलेला, तेव्हा नेहमीचा लंच मेन्यू मिळेल का ते विचारून घ्या.

फोनवर विचारायची मुख्य गोष्ट म्हणजे स्टॉक, म्हणजे मांस-हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी. ‘व्हेजिटेरियन’ एवढ्या शब्दावर भागत नाही. आम्ही एकदा सासूबाईंसाठी केशर घातलेला भात मागवत होतो. मेन्यूत त्याच्या नावापुढे मांसाचा उल्लेख कुठेच नव्हता. भात कशात शिजवता, असं विचारल्यावर वेटर आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, चिकनच्या स्टॉकमध्ये. मग त्यानेच मसूर-भात सुचवला, जो नुसत्या पाण्यात शिजवलेला होता. तो मुलगा आत जाऊन आला नसता तर सासूबाईंनी तो भात विश्वासाने खाल्ला असता. म्हणून पिलाफ, रिसोतो असे भाताचे पदार्थ आणि सूप यांच्याबद्दल हाच प्रश्न विचारायचाच. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे असतात. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत कधी नुसता भात, कधी खिमा असतो. ताज्या पास्त्यात बहुतेक वेळा अंडं असतं, सुक्या पास्त्यात सहसा नसतं. पालक आणि फेटा चीज भरलेल्या खुसखुशीत पाईमध्येही अंडं घालतात.

चीजचा प्रश्न नाजूक आहे. पार्मेझान बनवताना वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, वापरतात, आणि पारंपरिक हलूमी-फेटामध्येही प्राण्यांचं रेनेट असतं. तुमच्या घरी हे पाळत असतील तर चीजच वगळा. लबने मात्र बहुतेक ठिकाणी चालेल, तो म्हणजे मीठ घातलेला चक्काच, वर ऑलिव्ह तेल. आई-बाबांना हे आधी माहीत नसेल तर त्यांना सांगून त्यांनाच ठरवू द्या. आपण त्यांच्या वतीने ‘चालतंय की’ म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

आणि तिथी बघा! हे मी थट्टेत म्हणत नाहीये. आपल्याकडचे आई-बाबा इथे येतात ते बहुधा उन्हाळ्यात, म्हणजे निम्मा मुक्काम चातुर्मासात. आई चातुर्मासात वांगं आणि कांदा-लसूण खात नसेल तर या मेन्यूतले अर्धे पदार्थ बाद होतात, कारण हुमुसपासून (वाटलेल्या छोल्यांची चटणी) सगळीकडे लसूण असतो. अशा वेळी एक तर चातुर्मास लागायच्या आधीचा दिवस धरा किंवा रेस्तराँला दोन दिवस आधी कळवा. चांगल्या ठिकाणचे शेफ लसणाशिवाय भाजलेल्या भाज्या, लबने, लिंबू आणि सुमाक या आंबट लालसर पुडीचं सॅलड असं काहीतरी आनंदाने करून देतात. आयत्या वेळी, भर गर्दीत सांगितलं तर मात्र त्यांचाही नाइलाज होतो.

मागवताना प्रत्येकाला वेगळी मोठी डिश घेऊ नका. चौघांत पाच-सहा छोट्या ताटल्या मधे ठेवा आणि नंतर भाताचा एक पदार्थ. सुरुवात हुमुसने करा. चांगल्या ठिकाणी तो कोमट येतो, चमच्याने मधे खळगा केलेला, त्यात हिरवट ऑलिव्ह तेल साचलेलं आणि वर चार अख्खे छोले. पिटा भट्टीतून फुगून येतो, तुकडा मोडला की वाफ बाहेर पडते. त्या वाफेतच तो खायचा, म्हणून पिटा एकदम सगळा मागवू नका, थोडा थोडा मागवा. हाताने मोडून खायचं हे बघितलं की बाबा आपोआप सैलावतील. दुसरं बाबा गनूश. जाळावर भाजलेल्या वांग्याचा तो धुरकट वास आला की आई भरीतच म्हणेल, फक्त यात मिरची-कोथिंबिरीऐवजी तिळाचं ताहिनी आणि लिंबू. मिरचीची तल्लफ भागवायला मुहम्मरा मागवा, ती भाजलेल्या लाल मिरच्या, अक्रोड आणि डाळिंबाच्या आंबटगोड पाकाची चटणी असते. तरीही आणखी तिखट हवंसं वाटेल, तेव्हा हारिसा ही मिरचीची तिखट चटणी वेगळी वाटीत मागा. फत्तूश सॅलडवर सुमाकची पूड असते, ती जिभेला छान चव आणते. फलाफल, म्हणजे छोल्यांचे तळलेले वडे, घरात सगळ्यांना आवडतं, त्यावर वेगळं लिहायला नको.

भाताचं मी आग्रहाने सांगते. मुजद्दरा म्हणजे मसूर आणि तांदूळ एकत्र शिजवून वर तपकिरी होईपर्यंत तळलेला कांदा. दिसायला साधा, पण भात पोटात गेल्याशिवाय जेवण झालं असं वाटत नाही अशा माणसांना तो पदार्थ खरा आधार देतो. मेन्यूत नसला तरी विचारून बघा.

एक गोष्ट आई-बाबांना आधी सांगून ठेवा. ऑलिव्ह तेलातल्या भाज्या मुद्दाम कोमट किंवा गार वाढतात, तशाच त्या चांगल्या लागतात. नाहीतर ‘एवढे पैसे घेऊन गार अन्न दिलं’ म्हणून त्यांचं मन खट्टू होतं. आणि पाणी बर्फाशिवाय मागा, इथे सांगितलं नाही तर पेला बर्फाने भरूनच येतो.

दिवसाची आखणी अशी करा की जेवण मधे येईल. फाइन आर्ट्स म्युझियमचा सर्वसाधारण प्रवेश गुरुवारी मोफत असतो, पण आईचा गुरुवारचा उपास असेल तर तो दिवस जेवणासाठी बाद. सकाळी आधी भारतीय कलेचं दालन दाखवा, मग इस्लामी जगाच्या कलेचं, जे 2023 मध्ये मोठं करून पुन्हा उघडलं. तिथली निळी-हिरवी नक्षीची भांडी बघून आलात तर जेवणाच्या टेबलावर बोलायला विषय मिळतो. म्युझियमच्या लॉ आणि बेक या दोन इमारतींना जोडणारा जेम्स टरेल या कलाकाराचा प्रकाशाचा भुयारी रस्ता मात्र चुकवू नका. 1999 पासून आहे. दोन्ही बाजूंचा रंग हळूहळू बदलत जातो आणि आपण मधल्या उंच पट्टीवरून चालतो. आत अंधुक असतं, आईचा हात धरा. जेवणानंतर चालायची ताकद असेल आणि ऊन नसेल तर हर्मन पार्कमध्ये 2004 साली बसवलेला गांधीजींचा पुतळा आहे, तिथे फोटो होतोच. सगळी संग्रहालयं एका दिवसात करायला जाऊ नका, वीसेक तरी आहेत.

बिलाचं सांगते. चांगल्या ठिकाणी छोट्या ताटल्या साधारण 12 ते 20 डॉलरच्या घरात असतात. समजा चौघांचं बिल 160 डॉलर झालं, तर ह्यूस्टनचा 8.25 टक्के विक्रीकर धरून 13.20 आणि 20 टक्के टिप म्हणजे 32, एकूण 205.20. टिप द्यायला हात आखडू नका. टेक्सासमध्ये टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी 2.13 डॉलर इतकंच रोख वेतन दिलं तरी कायद्याने चालतं, बाकीचं टिपमधून यायचं असतं. तुमच्यासाठी चार वेळा स्वयंपाकघरात जाऊन विचारून येणाऱ्या माणसाचं पोट त्यावर चालतं. पण हा आकडा आई-बाबांसमोर येऊ देऊ नका. ते लगेच रुपयांत हिशेब करतील आणि खाल्लेलं अंगी लागणार नाही. आत शिरताना कार्ड काउंटरवर देऊन ठेवा, बिल टेबलावर आणू नका म्हणून सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

आणि बुकिंग करताना लग्नाचा वाढदिवस आहे हे सांगितलंत तर ते आपणहून मेणबत्ती लावून केकचा तुकडा किंवा तिरामिसू हा इटालियन गोड पदार्थ आणतात. दोन्हींत अंडं, तिरामिसूत बहुधा दारूही. बाबा सगळ्यांसमोर नको म्हणतील आणि ओशाळतील. म्हणून फोनवरच सांगा, मेणबत्ती बकलाव्यावर लावा, म्हणजे पातळ पापुद्र्यांत सुका मेवा भरलेल्या, पाकातल्या मिठाईवर. त्यात अंडं सहसा नसतं, तरी तेही विचारूनच घ्या. किंवा मुहल्लबी मागा, दूध आणि तांदळाच्या पिठाची, गुलाबपाण्याची, वर पिस्त्याची कापं. बाबांना गोड आवडत असेल तर दोन्ही मागवा.